सोहळा संपल्यावर त्या जागेचं काय करणार, ते आधी सांगा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात कुठला तरी मोठा इव्हेंट येणार अशी बातमी आली की पहिले काही दिवस आपण सगळे एकच बोलत असतो, किती कोटी मिळणार, कुठे बांधणार, कंत्राट कोणाला गेलं. तो इव्हेंट संपल्यावर बांधलेल्या जागेचं काय होणार हे मात्र कोणी विचारत नाही, विधानसभेत फारसं नाही, पेपरात अधूनमधून, आणि आपण लोक तर नाहीच. हे पत्र त्याच विषयावर आहे, जरा लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा ही विनंती.

मध्ये भाचीकडे लिस्बनला जाणं झालं, ती तिथे नोकरीला आहे (आपल्याकडचे किती जण आता तिकडे आहेत ते वेगळं सांगायला नको). माझी तिला एकच फर्माईश होती की मला ती एक्स्पो ९८ ची, म्हणजे १९९८ च्या जागतिक प्रदर्शनाची जागा नीट चालत बघायची आहे, घाई करू नकोस. १९९८ मध्ये त्या एक्स्पोवरून आणि वास्को द गामा भारतात आल्याच्या ५०० वर्षांवरून इथे गोव्यात किती वादावादी आणि निषेध झाले ते त्या पिढीच्या लोकांना आठवत असेल. मी निषेधाच्या बाजूची होते, आजही आहे, ज्याच्या मागून इथे तोफा आल्या त्याचा वाढदिवस आपण काय म्हणून साजरा करायचा. पण लिस्बन शहराने त्या निमित्ताने जमिनीचं काय केलं हा वेगळा विषय आहे आणि त्यातून आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आधी ती जागा काय होती ते ऐका. तेजो नदीच्या काठाने शहराच्या पूर्वेला जवळजवळ पाच किलोमीटरचा पट्टा, आणि त्यात काय काय, तर तेल रिफायनरी आणि तिच्या टाक्या, कत्तलखाना, लष्कराची गोदामं, कंटेनरचे ढीग आणि शहराचा कचरा टाकायची जागा. जमीन तेलाने मुरलेली, पाण्याला वास. एकेकाळी, म्हणजे १९३९ पासून पुढे काही वर्षं, तिथे पॅन ॲमची पाण्यावर उतरणारी विमानं यायची, तो धक्का पण नंतर पडीक झालेला. १९९२ मध्ये टोरंटोला मागे टाकून लिस्बनला एक्स्पो मिळाला आणि त्यांनी मुद्दाम हीच जागा घेतली. शहराची चांगली जागा अडवली नाही, सगळ्यात घाण जागा उचलली आणि माती साफ करण्यापासून सुरुवात केली. २२ मे ते ३० सप्टेंबर १९९८ एक्स्पो चालला, विषय होता महासागर, १४० च्या वर देश आले, माणसं म्हणाल तर एक कोटीच्या आसपास.

आणि मुख्य गोष्ट ही की बहुतेक मोठ्या इमारती बांधतानाच ठरलेलं होतं की ऑक्टोबरपासून हिचं काय. सगळं काही तसंच घडलं असं नाही, पण प्रश्न आधी विचारला होता, आणि फिरताना तो फरक पायाला जाणवतो.

मेट्रोने गेलं की आपण ओरिएन्त स्टेशनला उतरतो, ती मेट्रोची लाइनच मुळात एक्स्पोसाठी १९९८ मध्ये सुरू झाली. खाली स्टेशनात भिंतींवर जगभरच्या चित्रकारांच्या मोठमोठ्या टाइल्सच्या भिंती आहेत आणि त्यात एक आपल्या रझांची आहे. सय्यद हैदर रझा, म्हणजे मुंबईत आपल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या बरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढणारे. गर्दी धावत होती आणि मी तिथेच उभी, भाची म्हणाली मावशी चला, गाडीचे लोक ढकलतील. वर आलं की कालात्रावा नावाच्या आर्किटेक्टने बांधलेलं रेल्वे स्टेशन, पांढऱ्या लोखंडाची झाडं आणि त्यावर काच. दिसायला फार सुंदर पण पाऊस आणि वारा दोन्ही आत येतात, तिथले रोजचे प्रवासी त्यावर कुरकुर करतात. आपल्या मृगाचा पाऊस त्या छताने दहा मिनिटं पण अडवला नसता.

स्टेशनसमोर एक्स्पोचं प्रवेशद्वार होतं, तिथे आता मॉल आहे, १९९९ मध्येच सुरू झालेला. मला मॉलचं कौतुक नाही, पण हा मॉल वाटेतच आहे, लोक त्याच्या पोटातून चालत नदीकडे जातात, वर काचेच्या छतावरून पाणी वाहत असतं आणि त्याची हलती सावली जमिनीवर पडते. मॉलच्या वर दोन उंच राहत्या इमारती आहेत, त्यांची नावं गामाच्या जहाजांवरून, सांव गाब्रिएल आणि सांव राफाएल. नावं वाचून मनात कालवाकालव झाली हे खरं आहे, आपण लहानपणी ती नावं इतिहासाच्या पुस्तकात वेगळ्या कारणासाठी पाठ केली होती.

आता ज्यासाठी मी गेले होते ते, पोर्तुगालचा पॅव्हेलियन. आल्वारो सिझा नावाच्या आर्किटेक्टने बांधलाय. दोन बाजूंना दोन जाड भक्कम मंडप, आणि मधल्या मोठ्या चौकावर काँक्रीटचं छत, ते पण सपाट नाही, घुमट नाही, दोन खांबांना बांधून वाळत घातलेल्या धोतरासारखं मधे झोळ पडलेलं. जाडी फक्त २० सेंटिमीटर, म्हणजे एक वीत पण नाही, आणि खाली एकही खांब नाही. मी अगदी टोकाला जाऊन मान वर करून बघितलं. काँक्रीट मंडपाला जिथे भिडायला हवं त्याच्या थोडं आधीच ते संपतं, आणि पुढे नुसत्या आतल्या स्टीलच्या केबल उघड्या दिसतात, त्यांच्या फटीतून उन्हाच्या रेघा खाली फरशीवर पडतात. सगळं वजन त्या तारांवर आहे आणि ते त्याने लपवलं नाही, उलट दाखवलंय. खाली मुलं स्केटबोर्ड खेळत होती, एक बाई भिंतीला टेकून डबा खात होती, कोणी हटकलं नाही. तिकीट नाही, गेट नाही.

पण हीच इमारत धडा म्हणून पण बघावी लागेल. एक्स्पोनंतर हिचं काय करायचं ह्यावर घोळ चालू राहिला, मंत्रिमंडळाच्या बैठका तिथे घ्यायच्या अशी पण कल्पना निघाली होती, आणि एवढी नावाजलेली इमारत वर्षानुवर्षं बहुतेक रिकामी. शेवटी २०१५ मध्ये लिस्बन विद्यापीठाकडे गेली. म्हणजे बघा, जिथे आधी पक्कं ठरलं होतं तिथे लगेच जीव आला आणि जिथे नंतर बघू म्हटलं तिथे सतरा वर्षं गेली, एकाच आवारात, एकाच सरकारच्या हाताखाली.

ठरलेल्यातलं उदाहरण म्हणजे ओशनारियम. ते एक्स्पोचं मुख्य आकर्षण होतं आणि आजही आहे. जुन्या धक्क्याच्या पाण्यात उभं आहे, जहाजासारखं वाटतं. मधे एकच प्रचंड टाकी, ५० लाख लिटर खारं पाणी, आणि भोवती चार समुद्रांचे चार कोपरे, पण काचा अशा बसवल्यात की सगळा एकच समुद्र वाटतो. त्यात शार्क आहेत, रे आहेत, आणि तो मोठा चपटा सूर्यमासा, जो मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. शाळेची पोरं रांगेने येत होती, बाई प्रश्न विचारत होत्या, मी आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे माझं लक्ष माशांपेक्षा त्या पोरांच्या चेहऱ्यांकडेच जास्त गेलं. तिथे पूर्वी समुद्री ओटरची एक जोडी होती, त्यांची नावं ठेवली होती आमालिया आणि युझेबियो, एक त्यांची लाडकी फादो गायिका आणि एक फुटबॉलपटू, सगळ्या शहराला ते दोन प्राणी माहीत. बाजूलाच सागरज्ञानाचा पॅव्हेलियन होता, तो १९९९ पासून मुलांचं विज्ञान केंद्र आहे. आणि आपल्याकडे दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जगात नाव आहे तिचं, शंभर किलोमीटरहून जास्त किनारा आहे, आणि म्हापशाच्या किंवा सांग्याच्या पोराला समुद्राच्या आत काय आहे ते बघायला असं एक ठिकाण गोव्यात नाही. हे लिहिताना खरंच वाईट वाटतं.

नदीच्या काठाने उत्तरेला चालत गेलं की वरून केबल कार जात असते, ती पण एक्स्पोचीच. प्रदर्शनाचे हॉल आता व्यापारी जत्रांसाठी वापरतात, मोठा गोल सभागृह अजून गाण्याच्या कार्यक्रमांना भरतो. १४५ मीटरचा गामा टॉवर आहे, त्याला चिकटून २०१२ मध्ये मोठं हॉटेल उभं राहिलं, मला ते आवडलं नाही, लोकांची उंच जागा पैसेवाल्यांच्या खिडकीत गेली असं वाटलं. भविष्याच्या पॅव्हेलियनचं तर कॅसिनो झालंय, आपण मांडवीकाठचे लोक, नदीतले कॅसिनो रोज बघणारे, आपल्याला त्यावर काय वाटतं ते लिहायची गरज नाही. घरं पण महाग आहेत, भाचीसारखी नोकरदार मुलगी तिथे भाड्याने राहू शकत नाही, ती लांब राहते आणि रविवारी तिथे फिरायला येते. जमिनी विकून खर्च काढायचा असं गणित होतं, तरी मागे कर्ज राहिलंच. तेव्हा सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही.

दक्षिणेच्या टोकाला मात्र एक गोष्ट मनापासून पटली. सगळी रिफायनरी पाडली पण तिचा एक उंच लोखंडी टॉवर तसाच ठेवलाय, इथे काय होतं ते पुढच्या पिढीला कळावं म्हणून. आणि उत्तरेला कचऱ्याच्या डोंगराच्या जागी पार्क आहे, त्याच बाजूला २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोप आले आणि जागतिक युवा दिनाला लाखो मुलं जमली, आपल्या गोव्यातून पण मुलंमुली गेली होती. साळगावचा कचरा, सोनसोडोचा डोंगर डोळ्यांसमोर आला, येणारच.

त्याच काठाला गार्सिया द ओर्ता यांच्या नावाची बाग आहे, पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे गेली तिथली झाडं लावलेली. आणि पणजीत चर्चसमोर आपण ज्याला म्युनिसिपल गार्डन म्हणतो ती पण गार्सिया द ओर्ता यांचीच बाग आहे. हे वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले, इथले वैद्य, हकीम, व्यापारी ह्यांना विचारून विचारून त्यांनी आपल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. जन्माने ज्यू घराण्यातले. १५६८ मध्ये वारले, पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) इथे गोव्यात जाळलं आणि १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. पणजीच्या बागेतल्या मधल्या खांबावर पूर्वी गामाचा पुतळा होता, मुक्तीनंतर तिथे अशोकाचे सिंह आले, ते योग्यच झालं. पण ज्याच्या नावाची बाग आहे त्या माणसाची ही सगळी हकीकत मराठी-कोंकणीत ठळक बोर्डावर तिथे लिहा ना, रोज संध्याकाळी किती आजी-आजोबा नातवंडं घेऊन तिथल्या बाकांवर बसतात, खर्च असा कितीसा येणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही लिस्बनच्याच बेलें भागात गेलो, तिथे त्याच नदीच्या काठी १९४० चं हुकूमशहा सालाझारचं प्रदर्शन भरलं होतं. २३ जून ते २ डिसेंबर, युरोपात महायुद्ध चालू असताना. साम्राज्याचा डंका पिटायचा होता, वसाहतींतून माणसं आणून त्यांची खोटी गावं मांडली होती आणि लोक तिकीट काढून ती माणसं बघायला यायचे. बहुतेक बांधकाम प्लॅस्टर आणि लाकडाचं, ते पाडलं गेलं. राहिलंय काय, तर मोठा चौक आणि कारंजं, लोककलेचं म्युझियम, पाण्याकाठचं एक रेस्टॉरंट, आणि उष्ण कटिबंधातल्या झाडांची ती बाग जिथे वसाहतींचा विभाग होता. त्या बागेत आफ्रिकन आणि आशियाई माणसांचे मुखवट्यासारखे पुतळे अजून झाडांमधे उभे आहेत. फार छान झाडं आहेत, मोर फिरतात, पण त्या पुतळ्यांसमोर मला थांबवेना.

आणि ते जहाजाच्या आकाराचं दर्यावर्दींचं स्मारक, जे सगळे गोंयकार फोटोसाठी गाठतात. १९४० मध्ये ते तात्पुरतंच होतं, १९६० मध्ये दगड-काँक्रीटमध्ये परत उभारलं. पूर्वेकडच्या रांगेत अफोन्सो द आल्बुकेर्क आहे, सेंट झेवियर आहे. १९६०, म्हणजे आपल्या मुक्तीच्या आदल्या वर्षी! तिकडे आल्बुकेर्कला दगडात घडवत होते तेव्हा इकडे गोवा मुक्त करा म्हणणाऱ्यांनी आग्वादचा तुरुंग बघितला होता. तिथे फोटो जरूर काढा, पण मुलांना हे पण सांगा.

दोन्ही जागा एकापाठोपाठ बघितल्यावर माझं मत पक्कं झालं. १९४० ची जागा ही सत्तेने स्वतःसाठी मांडलेली होती, ती आज पाहुण्यांची आहे. १९९८ ची जागा, तिच्या सगळ्या दोषांसकट, तिथल्या लोकांची रोजची झाली, कारण एक्स्पो संपल्यावर तिची देखभाल बघायला एकच कंपनी जबाबदार होती. दिवा बंद, फरशी उखडली, कोणाला सांगायचं ते माहीत. २०१२ मध्ये तो भाग स्वतंत्र प्रभाग म्हणून शहराकडे आला, त्या वेळी लिस्बनचे महापौर आपले मडगावच्या मुळाचे आंतोनियो कॉश्ता होते, ज्यांना घरचे बाबुश म्हणतात.

आता आपलं बघू. २००४ मध्ये इफ्फी चित्रपट महोत्सवासाठी जुन्या गोवा मेडिकल कॉलेजचं आवार सुधारलं, मल्टिप्लेक्स आलं, ते वर्षभर चालतं, डिसेंबरात तिथे सेरेंडिपिटीसारखा कला महोत्सव भरतो, ही चांगली गोष्ट आहे आणि ती चांगली म्हटलीच पाहिजे. २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी (पोर्तुगीज भाषिक देशांच्या क्रीडा स्पर्धा) ताळगावचं इनडोअर स्टेडियम बांधलं, कोविडमध्ये तिथे खाटा टाकल्या आणि कितीतरी घरांना आधार झाला. हे कोणी आधी ठरवलेलं नव्हतं, जागा धडधाकट होती म्हणून उपयोगी पडली. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा तर इतक्या वेळा पुढे ढकलल्या की शेवटी २०२३ मध्ये झाल्या, पण त्या निमित्ताने गोव्याच्या कानाकोपऱ्यात मैदानं आणि हॉल झाले.

त्यातल्याच एका मैदानावर (नाव लिहीत नाही, कोणा एकाला धरायचा हेतू नाही) मी मध्यंतरी भाच्याच्या मुलाला घेऊन गेले, त्याला धावायला ट्रॅक हवा होता. गेटला साखळी, तिकिटाच्या खिडकीत कबुतरांची घरटी, बसायच्या प्लॅस्टिक खुर्च्या उन्हाने पांढऱ्या पडून चिरलेल्या. वॉचमन भला माणूस, म्हणाला चावी साहेबांकडे आहे, साहेब कोण तर ते दुसऱ्या खात्याचे, आणि त्या खात्यात फोन केला तर म्हणाले मैदान अजून आमच्या ताब्यात आलेलं नाही. बाहेर उद्घाटनाची कोनशिला मात्र चकाचक, खर्च किती, उद्घाटन कोणी केलं, सगळं कोरलेलं. पोरगा हायवेच्या कडेने धावतो, ट्रक जातात बाजूने.

म्हणून सरकारला माझं सांगणं आहे की कुठल्याही सोहळ्यासाठी, मग ते क्रीडा असो, चित्रपट असो, जुन्या गोव्यातलं सेंट झेवियरचं शवप्रदर्शन असो की आणखी काही, पक्कं बांधकाम काढायच्या आधी एक कागद लोकांसमोर ठेवा. सोहळा संपल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून ही जागा कोण वापरणार, सामान्य माणसाला किती वाजता उघडी, देखभालीचे पैसे दरवर्षी कुठून येणार, आणि तक्रार करायची तर एकच नाव आणि एकच नंबर. जे तात्पुरतं आहे ते तात्पुरतंच बांधा, काढून टाका आणि मैदान होतं तसं परत द्या. हा कागद निविदेच्या आधी आला पाहिजे, नंतर आला तर त्याला अर्थ नाही. जे बांधून झालंय त्याची पण अशीच यादी करा, कुठलं कोणाच्या ताब्यात आहे आणि चावी कोणाकडे आहे.

आमदारांना पण विनंती. पक्ष कोणताही असो, येत्या अधिवेशनात हा प्रश्न कोणीतरी विचारा, २०१४ आणि २०२३ च्या स्पर्धांसाठी बांधलेल्या प्रत्येक जागेबद्दल वेगवेगळा. आणि तारांकित विचारा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागेल आणि आम्हाला वरून पुरवणी प्रश्न पण ऐकायला मिळतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सांत इनेज, पणजी